डोळे मिटून किती पट काढलेस?

प्रश्न : वस्ताद, नमस्कार. मी १९ वर्षांचा, सातपूरला राहतो, बॉक्सिंग करतो. आमचे सर सराव संपला की पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायला लावतात. ‘तू जिंकलास, पंच तुझा हात वर करतोय, असं बघ,’ म्हणतात. घरीही मी तसा बसतो. वडील पाळी संपवून येतात आणि म्हणतात, झोपा काढून कुणी पदकं आणली? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. दोघांत बरोबर कोण?

उत्तर : पोरा, आधी वडिलांना माझा नमस्कार सांग. ते अर्धे बरोबर आहेत आणि तुझे सरही अर्धेच.

मी मातीतला माणूस, ग्लोव्हज कधी घातले नाहीत. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एकविसाव्या वर्षीच मिळालं होतं, तेही फुकट नाही, एका खांद्याच्या बदल्यात. पंचवटीतल्या आमच्या तालमीत लढत करताना माझा खांदा निसटला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे मातीत पाय ठेवायचा नाही. मी तोंड पाडून वस्तादांना सांगायला गेलो. ते म्हणाले, “खांदा घरी ठेव, डोळे घेऊन ये.”

मग रोज संध्याकाळी मी कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला फळीवर बसायचो. समोर जोड्या लागलेल्या. मधेच वस्ताद मला विचारायचे, “त्याने एकेरी पट धरला, खाली वाकून तुझा एक पाय पकडला. तुझा डावा पाय कुठंय?” मी नुसतं ‘पाय मागे घेईन’ म्हटलं की टपली बसायची. कोणता हात त्याच्या मानेवर, वजन टाचेवर की चवड्यावर, श्वास आत की बाहेर, सगळं सांगावं लागे. रात्री खाटेवर पडलो की तेच प्रश्न पुन्हा यायचे आणि पाय आपोआप आवळायचे. त्या काळी याला कुणी व्हिज्युअलायझेशन म्हणत नव्हतं. टपली चुकवण्यासाठी केलेला अभ्यास होता तो.

सहा आठवड्यांनी उतरलो. जोडीदार पटाला वाकायच्या आधी त्याचा उजवा खांदा किंचित खाली येतो, हे मला पहिल्यांदाच दिसलं. दोनदा त्याचा पट हवेत गेला. मी खूश. दुसरं मिनिट संपता संपता मात्र माझी छाती भात्यासारखी वाजू लागली आणि तिसऱ्या मिनिटाला त्याने मला उचलून आपटला. डोळे सहा आठवडे तालमीत होते, फुप्फुसं खाटेवर होती.

तुझ्या वडिलांचं अर्धं बरोबर ते इथे. आता सरांचं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या संशोधकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम बारा आठवडे फक्त मनात करायला लावला, बोट न हलवता. त्यांची त्या बोटाची ताकद ३५ टक्क्यांनी वाढली. खरा व्यायाम करणाऱ्यांची ५३ टक्क्यांनी. स्नायू फुगले म्हणून नव्हे, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम जोरकस झाला म्हणून. हे वडिलांना वाचून दाखव. पण ते लगेच म्हणतील, करंगळीने कुणी नॉकआउट करत नाही, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. १९९४ साली ड्रिस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही निष्कर्ष तोच निघाला : काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव बरा, खऱ्या सरावापेक्षा कमी, आणि मधे दिवस गेले की ओसरतो.

पण ‘उपयोग होतो’ आणि ‘जिंकतो’ या दोन गोष्टी एक करू नकोस. २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती आठव. आपल्या नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या तालमीतले. एकाच आखाड्यातली माती अंगाला लावलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. निकाल ३-२. अशा लढतीत डोळे मिटून दोघांनीही आपलाच हात वर गेलेला पाहिला असता तरी पंचाने एकाचाच उचलला असता. मुहम्मद अलीचंही लोक अर्धंच सांगतात. १९६२ मध्ये त्याने आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडेन म्हटलं आणि पाडलं. पुढच्याच वर्षी डग जोन्सला चौथ्या फेरीत पाडणार होता. ती लढत पुरत्या दहा फेऱ्या चालली आणि अली गुणांवर कसाबसा सुटला. हा भाग पोस्टरवर छापत नाहीत.

म्हणून सरांनी सांगितलेलं हात वर करण्याचं चित्र सोडून दे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलंय की यश मिळालंच अशी गोड चित्रं रंगवत बसणाऱ्यांचा उत्साह उलट उतरतो. मला ते पटतं, कारण मी स्वतः तसा उताणा पडलोय. एका जत्रेतल्या कुस्तीआधी आठवडाभर मी मनात ढाक हा डाव मारत होतो. काय ती ढाक! हलगी कडाडतेय, लोक फेटे उडवतायत. फडात उतरलो तर समोरचा गडी डावखुरा, मला हवा तो हात त्याने एकदाही पुढे दिला नाही. माझ्या मनातला गडी फार सोयीचा होता, मी म्हणेन तसा पडायचा. खऱ्याने मला पाडलं. बक्षिसाचा नारळ त्याने माझ्यासमोरच फोडून खाल्ला.

तेव्हा बघायचं ते काम बघ, निकाल नको. तुझ्या तीन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या, मधे एकेक मिनिटाच्या दोन विश्रांती, म्हणजे अकरा मिनिटं. घड्याळ लाव आणि तेवढ्याच वेगात, तेवढाच वेळ लढ. सिनेमासारखं बाहेरून स्वतःला बघू नकोस, स्वतःच्या डोळ्यांतून बघ : समोर त्याचे ग्लोव्हज, दातांत गमशील्ड, कोपऱ्यात सरांचा आवाज. आडवा पडून तर नकोच. हाताला पट्ट्या बांध, बूट घाल, पवित्र्यात उभा राहा. वडिलांनाही मग झोप काढतोस असं वाटणार नाही. तू रोज शॅडो बॉक्सिंग करतोस ना, हवेत ठोसे मारत? तेही हेच आहे, फक्त बहुतेक पोरं समोर कुणी नसल्यासारखं ते करतात. उद्यापासून तिथे एक डावखुरा उभा कर आणि त्याला उलटा मारू दे. जो ठोसा बॅगवर नीट बसत नाही तो मनातही घोटू नकोस, नाहीतर चूकच पक्की होईल.

अकरा गेल्यावर सरांच्या पंधरातली चार मिनिटं उरतात. त्यांत वाईट बघ. दुसऱ्या फेरीत खाल्लास, पंच आठपर्यंत मोजतोय, कानात शिट्टी वाजतेय. आता काय? हात कुठे, पाय कुठे, पहिला जॅब कधी? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, दिसेना, तरी हाताचे फटके मोजत २०० मीटर बटरफ्लाय तो विश्वविक्रमासह जिंकला. सगळं बिघडलेली शर्यतही तो मनात पोहून बघायचा. साक्षी मलिक रिओत कांस्यपदकाच्या कुस्तीत ०-५ ने मागे होती, ८-५ ने जिंकली. ०-५ ला काय करायचं याचं उत्तर आधीच तयार असलेलं बरं.

सरांना हे माझ्या नावावर सांग. आणि पळणं एक दिवसही चुकवू नकोस, माझी छाती आठव.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, ज्युदो खेळते. स्पर्धा जवळ आली की रात्री तिला स्वतः पाठीवर आपटल्याचंच दिसतं, झोप लागत नाही. ‘चांगलं बघ’ म्हटलं की चिडते. काय करावं? (एक आई, देवळाली कॅम्प)

उत्तर : ताई, चिडणारच. ‘माकड आठवू नकोस’ म्हटल्यावर दुसरं काय आठवतं? तिचं चित्र पुसू नका, पुढे चालवा. आत्ता ते पाठ टेकल्याबरोबर थांबतं. ज्युदोत स्वच्छ पाठ टेकली की लढत संपते हे खरं, पण संध्याकाळ संपत नाही. ती उठते, वाकून नमस्कार करते, मॅटवरून उतरते, तुम्ही पाण्याची बाटली घेऊन उभ्या आहात, येताना दोघी मिसळ खाता. हे तिच्याकडून वदवून घ्या, पण संध्याकाळी पाच वाजता, अंथरुणात नव्हे. आणि तिच्या सरांना सांगून पडण्याचा सराव चार दिवस जास्त करून घ्या. ज्युदोत पोरांना पाडायच्या आधी पडायलाच शिकवतात, ते उगीच नाही. स्पर्धा होऊन गेल्यावरही झोप आली नाही, जेवण कमी झालं, तर मात्र समुपदेशकाकडे न्या, माझ्यासारख्या म्हाताऱ्या पैलवानाला पत्र लिहीत बसू नका.

प्रश्न : वय ४६. ऑफिसातून वेळ मिळत नाही, म्हणून रोज रात्री डोळे मिटून शंभर बैठका मारतो. पोट कमी होईल का? (गंगापूर रोड)

उत्तर : नाही. सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जा. आणि डोळे उघडे ठेवून जा, त्या रस्त्याला वाहनं फार असतात.