तुमचं 'सी जोरे स्यू' वाचलं आणि माझी फाइल आठवली

तुमची पोस्ट दोनदा वाचली. 'सी जोरे स्यू, ज सरे व्हन्यू' असं फ्रेंच वाक्य तुम्ही लिहिलंत, म्हणजे 'मला कळलं असतं तर मी आलो असतो'. बाईंनी 'जोरे'वर लाल रेघ मारली, कारण सांगितलं नाही आणि फ्रेंचची देल्फ बी-2 परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. तुमचा प्रश्न असा, की मराठीत दोन्हीकडे 'असतं' चालतं तर फ्रेंचमध्ये का नाही. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या वहीत होतं, त्यावरची रेघही लालच होती.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. फ्रान्समध्ये नोकरी करते आणि ठेचा खात शिकले आहे. फ्रेंच शब्द देवनागरीतच लिहितेय, स्पेलिंग तुम्हाला येतं. काँदिस्योनेल पासे, म्हणजे आपलं 'आलो असतो', बनवायचा कसा (आव्ह्वार किंवा एत्र या साहाय्यक क्रियापदांचा काँदिस्योनेल, जसं 'जोरे', 'ज सरे', आणि पुढे पार्तिसिप पासे, म्हणजे मुख्य क्रियापदाचं 'कळलं', 'आलो' असं भूतकाळी रूप) आणि एत्र घेणारी क्रियापदं कोणती, हे बी-2 पर्यंत आलात म्हणजे पाठ असणार. ते सोडून देते.

तुमची चूक मराठीतून येतेय आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण म्हणतो, 'कळलं असतं तर आलो असतो'. अट आणि परिणाम, दोघांना एकच कपडे. फ्रेंचमध्ये अटीच्या अर्ध्यात, म्हणजे 'सी' (जर) असतो तिथे, प्ल्यूस-क-पार्फे हा काळ येतो, म्हणजे अक्षरशः 'मला कळलं होतं तर मी आलो असतो'. सी जाव्हे स्यू, ज सरे व्हन्यू. मी मनात एवढंच धरते: सीच्या बाजूला 'होतं', दुसऱ्या बाजूला 'असतं'. वाक्य उलटं फिरवलं तरी 'होतं' सीलाच चिकटून राहतं.

फ्रेंच पोरंही ही चूक सर्रास करतात. त्यांना शाळेत 'ले सी नेम पा ले रे' असं शिकवतात. 'सी'ला 'रे' शेवट (म्हणजे काँदिस्योनेलची 'जोरे'सारखी रूपं) आवडत नाहीत, हा एक अर्थ. पण उच्चार तोच ठेवून 'करवतींना पाकट आवडत नाही' असाही अर्थ निघतो, कारण सी म्हणजे करवत आणि रे म्हणजे पाकट मासा. माझं आजोळ मालवणचं. पाकटाचं कालवण डोळ्यांपुढे आलं आणि नियम कायमचा बसला.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो परीक्षेत हमखास गोंधळ घालतो. 'ज न से पा सी जोरे आक्सेप्ते' हे वाक्य बरोबर आहे. मराठीत करून बघा: 'मी स्वीकारलं असतं की नाही, माहीत नाही'. इथे 'तर' नाही, 'की' आहे. सीच्या जागी मराठीत 'तर' येत असेल तर 'रे' बंद, 'की नाही' येत असेल तर 'रे' चालेल. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, माझं मीच शोधलंय, त्यामुळे कुठे फसलं तर मला दोष द्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. 'सी जोरे'मुळे फार तर दोन गुण जातात. माझे चार महिने गेले ते 'जोरे द्यू'मुळे.

वर्गात आम्हाला सांगितलं होतं की काँदिस्योनेल म्हणजे नम्रपणा. दुकानात 'ज व्हू' म्हणजे 'मला पाहिजे' असं म्हणू नका, 'ज व्हुद्रे' म्हणा. त्याहून अदबीनं बोलायचं तर 'जोरे व्हुल्यू'. बरोबरच आहे ते. पण मी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की सरकारी पत्रात जितके 'रे' तितका मान. रेसिडन्स कार्डाच्या नूतनीकरणासाठी कागद दिले, त्यासोबत एक पत्र जोडलं. कंपनीचा दाखला उशिरा मिळाला, त्याची वाट पाहावी लागली, म्हणून कागद उशिरा आले, एवढंच सांगायचं होतं. ते 'जे द्यू आतांद्र' असं सरळ होतं. मी अदब म्हणून लिहिलं 'जोरे द्यू आतांद्र'.

त्याचा अर्थ होतो 'मी वाट पाहायला हवी होती'. म्हणजे पाहिली नाही. पुढच्या ओळीत दाखला मी 12 तारखेला टपालानं पाठवला हे लिहिताना तिथेही अदब घातली, 'ज लोरे आंव्ह्वाये'. वाचणाऱ्याला ते 'मी पाठवला असता' किंवा 'मी म्हणे पाठवला' असं दिसतं. स्वतःच्याच टपालाबद्दल 'म्हणे'!

सहा आठवड्यांनी फाइल परत आली, अपूर्ण म्हणून. मी त्या कचेरीत गेले (शहराचं नाव नको, अजून तिथेच राहते). काचेपलीकडच्या बाईंनी माझं पत्र काढलं, पेन्सिलीचं टोक 'जोरे'खाली ठेवून दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, 'से व्हू की लाव्हे एक्री, मादाम'. तुम्हीच लिहिलंय, बाई. मी समजावायला गेले तर माझ्या मागचा नंबर पुकारला. वर त्यांच्या पत्रात काय होतं ठाऊक आहे? 'व्हू नोरिए पा ज्वँ लातेस्तास्यों', म्हणजे 'आपण दाखला जोडला नसल्याचे समजते'. त्यांनी 'समजते' लिहिलं तर ती कार्यालयीन भाषा, मी लिहिलं तर माझा कबुलीजबाब. पुढची वेळ चार महिन्यांनी मिळाली. हातात वैध कार्ड नाही, बाहेर पडले तर परत येताना काय होईल याची भीती. भावाचं लग्न साताऱ्याला झालं, मी ते फोनवर पाहिलं. नेट तुटत होतं, अक्षता पडताना चित्र गोठलं ते गोठलंच.

असो. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात, पत्राची गरजही लागत नसेल. मला राग कचेरीचा आहेच, पण चूक माझी होती, आणि 'काँदिस्योनेल म्हणजे नम्रपणा' हे अर्धवट सांगणाऱ्यांचीही. नम्रपणा व्हुलुआर (हवं असणं), एमे (आवडणं), पुव्हुआर (शकणं) अशा दोनचार क्रियापदांपुरता. बाकी ठिकाणी काँदिस्योनेल पासेचा अर्थ मुळात 'घडलं नाही' किंवा 'घडल्याची खात्री नाही' असा होतो. घडलेली गोष्ट सांगायची असेल तर त्याला हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे.

दव्हुआर, म्हणजे 'लागणं, करायला हवं असणं' हे क्रियापद ('द्यू' त्याचंच रूप), त्याच्यापाशी तर थांबाच. आपली मराठी इथे फ्रेंचपेक्षा साफ आहे, तिचा फायदा घ्या. 'वाट पाहावी लागली' म्हणजे जे द्यू. 'वाट पाहायला हवी होती' म्हणजे जोरे द्यू. 'तो विसरला असणार' म्हणजे इल आ द्यू उब्लिये. 'तू नसतास तर मला थांबावं लागलं असतं' इथेही जोरे द्यूच, पण तेव्हा अट वाक्यात दिसते. 'हवी होती'मध्ये आपल्याकडे 'असतं' कुठेच नसतं, म्हणून बरेच मराठी विद्यार्थी तिथे 'ज दव्हे' लिहून मोकळे होतात. ते 'मला करायचं होतं'च्या जवळ जातं, पश्चात्ताप त्यात उतरत नाही.

टोमण्यासाठी मात्र हा काळ झकास. 'त्यू ओरे प्यू म ल दिर' म्हणजे 'मला सांगायला काय झालं होतं तुला!' सासरच्यांशी बोलताना जपून.

बातम्या ऐकत असाल तर 'ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने' ऐकून मंत्र्यानं राजीनामा दिला असं समजू नका. आपल्या पेपरात 'दिल्याचे समजते' असतं तेच ते. बी-2 च्या ऐकण्याच्या भागात अशा वाक्यावर प्रश्न आला तर 'नक्की झालं' हा पर्याय चुकीचा.

पार्तिसिपच्या अकोरचं, म्हणजे लिंग-वचनाप्रमाणे ते रूप बदलण्याचं, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. 'ती आली असती', 'ते आले असते' हे आपल्याला अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे एत्रसोबत अडत नाही. आव्ह्वारसोबत आपण 'मी पत्रं लिहिली असती' असं कर्माप्रमाणे बदलतो. फ्रेंचमध्येही बदलतं, पण कर्म आधी आलं तरच: 'ले लेत्र क जोरे एक्रित' इथे त ऐकू येतो, 'जोरे एक्री ले लेत्र' इथे नाही. मात्र मराठीवरून आव्ह्वार की एत्र ठरवू नका. आपण 'मी झोपलो', 'मी धावलो' म्हणतो आणि ते म्हणतात 'जे दोर्मी', 'जे कुरी'. दोन्ही आव्ह्वारवाले.

लिहिताना अजून एक. भविष्यातलं 'जोरे' आणि हे 'जोरे' यांत शेवटी एका 'एस'चा फरक आहे, आणि उच्चारात बरेच फ्रेंच लोक तो फरक करतच नाहीत. शंका आली की 'ज'च्या जागी 'त्यू' घालून बघा. 'त्यू ओरा' वाटलं तर एस नको, 'त्यू ओरे' वाटलं तर हवा.

तुमचं दुसरं वाक्य, 'तेव्हा शिकलो असतो तर आज नीट बोललो असतो', त्यात उत्तरार्ध आजचा आहे. म्हणून तिथे पासे नको, साधा काँदिस्योनेल: सी जाव्हे आप्री, ज पार्लरे म्यू. पत्रलेखनाच्या सरावात 'जोरे द्यू' आलं असेल तर ते पत्र इथे टाका, शनिवारी बघते.