शाळेचा ‘पट’ कुठला?

प्रश्न असा आहे : पाटणकडच्या एका गुरुजींच्या बोलण्यात सारखं ‘पट घसरला’, ‘पटावर अठरा, हजर बारा’ येतं. हा पट, म्हणजे शाळेत दाखल मुलांची यादी, बुद्धिबळाचाच का? आणि पट असताना ‘पटसंख्या’ कशाला?

बुद्धिबळाचा पट कापडाचा. संस्कृतात पट म्हणजे वस्त्र, चित्रपटातलाही तोच. ‘पट्ट’ हा वेगळा शब्द, म्हणजे फळी, पत्रा, लेखी सनद. आपला ताम्रपट त्यातला. मराठीत दोघांचा उच्चार एकच होऊन बसला. शाळेचा पट मी ताम्रपटाच्या घरातला धरतो, कारण तो लिहिलेल्या नावांचा. अर्थात हा माझा कल झाला.

महत्त्वाचं हे की पट कागदावर असतो, बाकावर नसतो. नाव दाखल झालं की मूल पटावर आलं, दाखला नेला की पटावरून कमी झालं. वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात हे दर हिवाळ्यात दिसतं. तोडकऱ्यांची कितीतरी पोरं पटावर बीडकडच्या गावी आणि प्रत्यक्षात इथल्या फडावर! शिक्षकांची पदं ठरवताना पट धरायचा 30 सप्टेंबरचा, कारखान्यांची धुराडी पेटतात त्यानंतर. तिकडचा आकडा शाबूत राहतो. पट आणि पोरं यांचा मेळ घालायलाच ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तीही मुलांच्या बोटांना शाई लावून.

गुरुजींना घोर लागतो तो पदांचा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 वं नाव आलं की तिसरा. राज्याचे निकष बदलत राहतात, पण पाया पटाचाच. त्यावरून ‘संचमान्यता’ होते. संच म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकांचा ताफा. पट कमी पडला की पद जातं आणि ‘सर अतिरिक्त झाले’. हे ‘अतिरिक्त’ आता साधं विशेषण उरलेलं नाही, तो निकालच असतो. पाठोपाठ ‘समायोजन’, म्हणजे दुसरी शाळा. म्हणून तर सुट्टीत शिक्षक वाड्या-वस्त्यांवर दारोदार पोरं शोधताना दिसतात.

राहिली ‘पटसंख्या’. पट ही यादी, पटसंख्या तिचा आकडा. शब्द चूक नाही. मात्र शिक्षक ‘तुमचा पट किती?’ असंच विचारतात आणि त्यात आकडा आलाच. ‘पटसंख्येचा आकडा’ मात्र खोडावा.