दक्षिणेतल्या घराण्याची पेटी उघडण्याआधी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या घराण्याचे कागद पहिल्यांदाच हाताळणार आहेस, तर पत्रं तारखेप्रमाणे लावायची घाई करू नकोस. कुणी काय कशासोबत बांधून ठेवलं, तीही माहितीच असते. जवळ फक्त पेन्सिल ठेव. नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात १९३० पासून ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ हा अशाच कागदांचा संग्रह आहे. तिथल्या दोन-चार सूच्या, म्हणजे कुठल्या पेटीत काय आहे याच्या याद्या, आधी वाचून घे.

घरातलं बायबल मिळालं तर जुना आणि नवा करार यांच्या मधली पानं बघ, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी बहुधा तिथेच असतात. मला एकदा पत्राच्या घडीत केसांची बट सापडली, निळ्या दोऱ्याने बांधलेली. वर नाव नव्हतं. त्या पत्रामुळेच कळलं, तान्ह्या मुलीची आहे. बट वेगळी काढली असती तर ती कायमची अनोळखी झाली असती.

पण सगळ्यात जास्त वेळ दे हिशेबाच्या वह्यांना. कापूस, खेचरं यांच्या रांगेत तिथे माणसांची नावं येतात, गुलाम केलेल्या माणसांची. वाचताना हात थांबतो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं. गुलामांचं बहुधा नुसतं वय, लिंग आणि कातडीचा रंग. बहुतेकांची नावं १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा येतात. त्याआधीचा पूर्वज शोधणाऱ्याला कित्येकदा अशी एखादी वहीच हाती लागते. म्हणून सूचीत ही नावं मालकांच्याही आधी उतरव, स्पेलिंग जसंच्या तसं.