कॅराव्हॅनची जमीन मऊ लागते? वरून प्लाय ठोकू नका

राम राम भाऊ. जीपमागे ओढायची जुनी कॅराव्हॅन घेतलीत, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा. दाराजवळची जमीन पायाखाली दबते आणि विकणारा म्हणतो, वरून नवीन प्लाय ठोका, झालं काम. तेवढं मात्र करू नका.

जमीन मऊ होते ती सगळ्यात शेवटी. पाणी बहुतेक छपरातून आलेलं असतं. आपल्याकडे समज असा की चोपडा-जळगावची हवा कोरडी, इथं कसली कूज न् कसला गंज! पण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्रा ताणतो, रात्री आखडतो. सांध्यांतलं सीलंट आणि खिडक्यांची रबरं तडकतात. मग पाऊस आला की पाणी पत्रा आणि आतल्या प्लायच्या मधे शिरतं, तिथं ना ऊन ना वारा. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. धुळ्याचा एक बॉडीवाला गिऱ्हाईकाला पहिलं हेच सुनावतो, 'पह्यले पानी कथाईन उनं ते दखा.' म्हणजे आधी पाणी कुठून आलं ते बघा.

म्हणून आधी वरून खाली तपासा. छपराची खिडकी, चारी कोपऱ्यांच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांची भोकं. आतून पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज बद्द आला की तिथं टोक दाबून बघा. लाकूड चांगलं असेल तर टोक शिरत नाही. एखाद्याच भिंतीला नवाकोरा सनमायका दिसला तर माझा हात आधी तिथंच जातो. गाडी मळ्यात उभी असायची म्हणता, तर वाळवीही बघाच. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं धरूनच चाला.

पत्र्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसेल. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लागले आणि मधे ओल राहिली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. परत बसवताना अ‍ॅल्युमिनियमचेच रिव्हेट घ्या, पत्रा लोखंडाला टेकतो तिथं मधे ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. छपराच्या सांध्यात सिलिकॉन नको, त्याच्यावर पुढं ना रंग धरतो ना दुसरं सीलंट, पॉलियुरेथेन वापरा.

खरा पैसा चेसिसमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात जातो. पाण्याच्या टाकीखाली, एक्सल जिथं बसतो तिथं आणि पुढच्या ओढदांड्याच्या जोडावर हातोडीने ठोका. पापुद्रे सुटून खाली घट्ट लोखंड लागलं तर वायर ब्रश, प्राइमर, रंग. भोक पडलं तर कुजका भाग कापून नवीन चॅनल वेल्ड करा. भोकांत लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला चेसिस रस्त्यावर आणायचा नाही, मागच्या गाडीवाल्याचा जीव आहे. बॉक्स पाइप, म्हणजे चौकोनी पोकळ पाइप, आतून सडतो, बाहेरून गुळगुळीत दिसतो. एक्सलजवळ दोन्ही लांब दांडे गेले असतील तर मी ती गाडी भंगारभावानेच मोजीन.

लाकडी सांगाडा एकदम उघडा करू नका, आकार सुटतो. टेकू देऊन एकेक बाजू घ्या, कुजलेला तुकडा मापासाठी जपून ठेवा. जमिनीला आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा, मरीन प्लाय, कापलेल्या कडांना आधी इपॉक्सी.

आणि छपराचं काम मृग लागायच्या आत उरका. आतलं फर्निचर दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल.