सदाफुलीची पाने रोज चावल्याने मधुमेह आणि कर्करोग बरा होतो का?

सदाफुलीची चार-पाच पाने रोज उपाशीपोटी चावली तर साखर ताब्यात येते आणि कर्करोगही बरा होतो, असे आपण ऐकले आहे आणि ते खरे का, असे विचारले आहे. माझे उत्तर असे की या झाडातून कर्करोगावरची औषधे निघाली हे पूर्ण खरे आहे आणि नेमके त्याच कारणासाठी त्याची पाने चावू नयेत.

सदाफुली मूळची मादागास्करची. आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की गच्चीच्या फटीतही उगवते आणि भर उन्हाळ्यात फुलते. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची पद्धत जमैकातही होती. 1950च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी ही पाने तपासायला घेतली, तीही मधुमेहासाठीच. तोंडावाटे अर्क देऊन उंदरांची साखर फारशी हलली नाही. पण तोच अर्क शिरेतून टोचल्यावर त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. पांढऱ्या पेशी कमी करणारा पदार्थ रक्ताच्या कर्करोगावर चालेल, हा विचार तिथून पुढे आला आणि त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. पुढे विनक्रिस्टिनही याच झाडात सापडले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर विनक्रिस्टिन आजही दिले जाते.

ही औषधे पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबवतात. विनक्रिस्टिन प्रौढ रुग्णालाही एका वेळी साधारणपणे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, कारण त्याने मज्जातंतूंना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होते. ते फक्त शिरेतून देतात आणि शिरेबाहेर थोडे झिरपले तरी तिथली त्वचा व मांस जळल्यासारखे होते. पानात ते इतके अत्यल्प असते की थोड्या औषधासाठी पानांचे ढीग लागतात; म्हणजे चावलेल्या पानांतून कर्करोगाला पुरेल एवढी मात्रा मिळणे शक्य नाही, पण त्याच पानात शंभराहून अधिक इतर अल्कलॉइड (वनस्पतीतली, शरीरावर परिणाम करणारी रसायने) असतात आणि त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

साखरेचा मुद्दा मात्र इतका सरळ नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत अर्काने साखर उतरलेली दिसली आहे. माझे मामा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतानाच ही पाने खात असत. एकदा सकाळी पूजेला बसले असता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि मामींनी साखरेचे पाणी पाजल्यावरच ते सावरले. दोष पानांचा की गोळीनंतर लांबलेल्या न्याहारीचा, हे सांगता येणार नाही, पण डॉक्टरांना पानांबद्दल काहीच ठाऊक नव्हते. (कडू आहे म्हणजे औषधी असणार, हा मामांचा युक्तिवाद होता, कण्हेरही कडूच असते आणि ती याच कुळातली आहे.)

आपण पाने आधीच खात असाल, तर ती थांबवून पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तसे सांगा. गरोदर स्त्रीने आणि केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने तर ती मुळीच खाऊ नयेत.