सोळा तास एका जागी बसायचंय, मला जमेल का?

साठीच्या पुढच्या बायका हल्ली माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बऱ्याचदा येतात. मुलगी नाहीतर सून अमेरिकेत, बाळंतपण जवळ आलेलं, व्हिसा झालाय, तिकीट झालंय, घरात सगळे खूश आणि जिला जायचंय तिची मात्र झोप उडालेली. घरचे म्हणतात अगं काही होत नाही, एवढी माणसं जातात रोज, खायला देतात, पिक्चर बघ नि झोप. सगळं खरंय, पण त्याने भीती जात नाही, उलट त्या बाईला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय आणि मग ती त्याबद्दल बोलणंच सोडून देते.

सुलभाकाकू अशाच आल्या होत्या (नाव बदललंय, आणि हे लिहायची परवानगी त्यांनीच दिलीये). वय ६६, कराडच्या. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी न्यू जर्सीत, ऑक्टोबरच्या शेवटी डिलिव्हरी. मुंबईहून नेवार्कला थेट विमान, इकॉनॉमीचं तिकीट, सोळा तासांच्या आसपास प्रवास. पुतण्या घेऊन आला होता, तो म्हणाला काकूला विमान पडायची भीती वाटते, तुम्ही जरा समजवा. काकूंनी मान डोलावली. मीही पहिला अर्धा तास तेच धरून बोलत बसले, हवेत विमान हलतं म्हणजे काय, खराब रस्त्यावर एसटी हलते पण रस्ता सोडत नाही तसंच ते, पंख लवचिकच बनवलेले असतात, आणि अशा हेलकाव्यात लागतं ते बहुतेक पट्टा न लावलेल्यांना म्हणून बसल्याजागी पट्टा कायम सैलसर लावून ठेवायचा. काकू सगळं ऐकत होत्या पण चेहऱ्यावर काही फरक नाही. तेव्हा मला कळलं की भीती ही नाहीचे, पुतण्यासमोर हे नाव सोपं म्हणून सांगितलंय.

त्याला चहाला पाठवलं आणि विचारलं, काकू, विमानात बसलाय असं डोळ्यासमोर आणा, पोटात गोळा नेमका कधी येतो? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मॅडम, मी ठरवलंय, आदल्या दिवसापासून पाणी पिणारच नाही. आणि बीपीची गोळी पण नाही घेणार त्या दिवशी, त्याने सारखं जावं लागतं."

सोळा तास! आणि वर विमानतळावरचे चार तास.

तेव्हा मूळ गोष्ट ही होती. शेजारच्या अनोळखी माणसाला झोपेतून उठवून बाथरूमला जायचं, ते दार उघडलं नाही तर, आत पाणी नसतं म्हणतात, साडी सावरायची कुठे, आणि हे सगळं लोकांसमोर. आधी एकदाच विमानात बसल्या होत्या, यजमानांबरोबर पुणे ते दिल्ली, तेव्हा पट्टा त्यांनीच लावला आणि त्यांनीच काढला. हे सांगताना त्या रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

माझं स्पष्ट मत आहे, अशा वेळी 'घाबरू नका' म्हणणं थांबवावं आणि तिथे नक्की काय काय होतं ते बारीकसारीक सांगावं, शक्य असेल तर करूनच दाखवावं. माहीत नसलेल्या गोष्टीत मन वाईटातलं वाईट भरत राहतं. आणि माणसाला सगळ्यात जास्त लाज ज्या गोष्टीची वाटते ती आधी बोलून घ्यावी, सामान आणि पासपोर्टचं नंतर.

पाण्याचं तर मी त्यांना तिथल्या तिथे निक्षून सांगितलं. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली, ओठ नाक घसा सुकतात. आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडं वर बसल्यासारखं, त्यामुळे थकवा येतो, पोट फुगल्यासारखं होतं. त्यात पाणी नाही आणि पाय न हलवता बसून राहिलं तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त वेळ न हलता प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमीच असतो, सहा हजारांत एक असा त्यांचा अंदाज, म्हणून घाबरायचं नाही पण उठायचं मात्र नक्की. थोडक्यात बाथरूमला जावं लागतं हे चांगलंच आहे, त्या निमित्ताने पाय मोकळे होतात. गोळीबद्दल मी काही सांगणार नाही, ती डॉक्टरांनाच विचारायची. माझ्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळी बंद करायची नाही म्हणून सांगितलं, वेळ कशी पाळायची ते समजावलं आणि पायात घट्ट मोजे घालायला सुचवले.

पुढच्या वेळी मी त्यांना एकटं यायला सांगितलं, कराडहून स्वारगेटला, एसटीने, पुतण्याशिवाय. खिडकीच्या सीटवर बसायचं आणि वाटेत गाडी थांबली की शेजारच्याला उठवून खाली उतरायचं, हा गृहपाठ. आल्या, आणि अगदी खरं सांगितलं की उतरले नाही, शेजारचा मुलगा झोपला होता.

मग आम्ही ऑफिसात तीन खुर्च्या चिकटून मांडल्या. टेपने मोजून पुढे आणखी खुर्च्या ठेवल्या. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर ३१ इंचांच्या आसपास असतं, पण ते एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत मोजतात, गुडघ्यापुढे राहते ती जागा वीतभर धरा. सीटची रुंदी १७-१८ इंच. काकू मधल्या खुर्चीत, मी कडेच्या खुर्चीत, डोळे मिटून, शाल पांघरून. त्यांना म्हटलं, मला उठवा आणि बाहेर जा.

पाच मिनिटं काहीच नाही. मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता, हात माझ्यापर्यंत यायचा नि परत जायचा. शेवटी अगदी हळू, "अहो..." मी उठले नाही. परत, "अहो मॅडम, जरा जाऊ देता का?" तरी नाही उठले. मग त्यांनी दोन बोटं माझ्या दंडावर टेकवली आणि जरा मोठ्याने म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी, बाथरूम." मी उठले, त्या बाहेर आल्या, आणि परत येऊन बसल्यावर दीर्घ श्वास घेऊन म्हणाल्या, अजून एकदा करू. त्या दिवशी आम्ही ते सात वेळा केलं. चौथ्या वेळेपासून 'अहो' गेलं.

बाकीचं मग भराभर झालं. पट्टा तर मी आधी घेतला, कारण यजमानांची आठवण तिथेच अडकली होती. गाडीत बटण दाबतो तसं विमानात नसतं, बकलवरचं झाकण बोटाने वर उचलायचं की सुटतो. व्हिडिओ लावून दाखवला, मग त्यांनी हवेतच बोटाने वीसेक वेळा उचलून बघितलं. बाथरूमचं दार बऱ्याच विमानांत मधोमध घडी होऊन आत जातं, म्हणून कडी शोधत बसायचं नाही, मधोमध ढकलायचं. आत गेल्यावर कडी सरकवली की लाइट नीट पेटतो, त्यामुळे आधी अंधुक दिसलं तर दचकायचं नाही. फ्लशचा आवाज एकदम मोठा येतो, झाकण बंद करून मग बटण दाबावं. आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे तिथे आपल्यासारखा पाण्याचा जेट बहुतेक नसतोच, कागद असतो. एक छोटी रिकामी बाटली पर्समध्ये ठेवायची, बेसिनवर भरून घ्यायची, सोबत ओले टिश्यू, वापरलेले टिश्यू डब्यात टाकायचे भांड्यात नाही. चपला घालूनच जायचं, खाली ओलं असतं. हे ऐकल्यावर काकू पहिल्यांदा नीट हसल्या, म्हणाल्या हे मला मुलीला विचारता येत नव्हतं हो.

साडीचा प्रश्न त्यांनीच सोडवला. लग्नानंतर कधी ड्रेस घातला नव्हता, पण पुतण्याच्या बायकोने दोन कॉटनचे पंजाबी ड्रेस शिवून आणले आणि सलवारीला नाडीऐवजी इलॅस्टिक लावून घेतलं. एवढ्या बारक्या जागेत नाडीची गाठ बसली तर काय, हा विचार त्या मुलीने केला, मला नव्हता सुचला. वर शाल आणि लोकरी मोजे, कारण रात्री आत चांगलंच गार होतं आणि ब्लँकेट पातळ असतं.

वेळेचंही मी कागदावर काढून दिलं. 'सोळा तास' हा आकडाच छातीवर बसतो, त्याचे तुकडे केले की सोसतो. विमान उडाल्यावर तास-दीड तासात जेवण, मग लाइट बंद, मग झोप लागेल तेवढी, दर दोन तासांनी मागच्या बाजूला पँट्रीपर्यंत चक्कर, तिथे पाणी मागायचं, उतरायच्या दोनेक तास आधी परत खाणं. मधल्या वेळात जप. काकूंचं विमान रात्री दीडला सुटून तिथल्या सकाळी आठच्या सुमारास पोचणार होतं, आपण पश्चिमेला जातो म्हणजे रात्रीबरोबरच पळत असतो, त्यामुळे घड्याळातली साडेसहा तासांची रात्र सोळा तास पुरते आणि बाहेर बघावं तर अंधार संपतच नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो, काहीतरी बिघडलंय का म्हणून.

आणि या रात्री दीडच्या विमानाची एक गोची सगळ्यांनीच लक्षात ठेवा. तिकिटावर १४ तारीख असेल तर १३ च्या रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर पोचायचं असतं. काकूंच्या घरी गाडी १४ च्या संध्याकाळची ठरवली होती! कागद बनवताना लक्षात आलं म्हणून बरं.

छातीत धडधडलं तर काय, हा शेवटचा प्रश्न. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, आणि तरी नाही थांबलं तर डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटण दाबून सांगायचं की बरं वाटत नाही. त्यांना अशी माणसं रोज भेटतात, त्यात कमीपणा काही नाही. व्हीलचेअरला मात्र काकू तयार नव्हत्या, मी काय पांगळी आहे का म्हणाल्या. गुडघे दुखत असूनही. मी जोर केला नाही, फक्त तिथलं चालणं आणि इमिग्रेशनची रांग किती लांब असू शकते ते सांगितलं आणि व्हीलचेअर आधी तिकिटावर मागून ठेवावी लागते हेही. घरी गेल्यावर त्यांनीच पुतण्याला मागवायला सांगितली.

डिंकाचे लाडू, तूप, लोणचं सगळं मोठ्या बॅगेत, कारण हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरचा पातळ पदार्थ चालत नाही. औषधं मात्र हातातच, चिठ्ठीसकट, कारण बॅग कधीकधी मागे राहते. आणि तिकडे खाण्याचं काय आणलंय विचारलं तर सरळ सांगायचं. याच्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, ते मुलीने व्यवस्थित बघितलं होतं.

गेल्या. आणि जे व्हायला नको होतं तेच झालं, कडेची सीट घेऊन ठेवली होती पण ऐनवेळी विमान बदललं आणि बोर्डिंग पास हातात आला तो मधल्या सीटचा. दोन महिन्यांपूर्वी याच गोष्टीने त्या घरी परत गेल्या असत्या असं मला वाटतं. कडेला एक विशीतला मुलगा, खिडकीला एक गुजराती आजी. पहिल्यांदा उठवायला त्यांना अर्धा तास लागला, जप सोडून नुसतं तेच मनात. मग दोन बोटं दंडावर. तो मुलगा पटकन उठला आणि परत बसताना म्हणाला, आंटी कभी भी उठाना. एकूण पाच वेळा उठवलं म्हणे. झोप दोन तासच लागली, पाय सुजले, उतरताना एक कान दुखला, आवळ्याची कँडी चघळून आणि सारखं गिळून तो हळूहळू मोकळा झाला. सोपं गेलं असं त्यांनी म्हटलं नाही आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं.

बाळ आल्यावर आठवड्याने त्यांनी मला त्या कागदाचा फोटो पाठवला. मी लिहून दिलेल्याच्या खाली पेन्सिलने त्यांनी स्वतःची भर घातली होती, आता तिकडे निघालेल्या त्यांच्या वहिनींना द्यायला. पट्टा ब्लँकेटच्या वरून लाव, म्हणजे तपासायला झोपेतून उठवत नाहीत. जेवणाचा ट्रे समोर असताना बाहेर पडता येत नाही, आधीच जाऊन ये. चष्म्याचा डबा पुढच्या खिशात ठेवू नकोस, राहतो. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, खिडकीवालीला पण विचार, ती बिचारी माझ्याच उठण्याची वाट बघत सहा तास बसून होती.