स्लॅप सूट म्हणजे थप्पड नाही हो!

'अँटी-स्लॅप लॉ'ला मराठीत काय म्हणायचं, 'थप्पडविरोधी कायदा' चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार! इथे इंदूरात हल्ली 'थप्पड खटला' इतक्यांदा ऐकतोय की डोकं फिरतं. अहो, 'स्लॅप' ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, स्ट्रॅटेजिक लॉसूट अगेन्स्ट पब्लिक पार्टिसिपेशन, म्हणजे लोकांनी सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये म्हणून लावलेला दावा; अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठातले प्राध्यापक प्रिंग आणि कॅनन यांनी जुळवलेली. आणि खटला कसला, बहुतेकदा तो दिवाणी दावा असतो. तुम्ही बिल्डरची तक्रार नगर निगमात केली की तो तुमच्यावर करोडोंचा दावा लावणार, जिंकायला नाही, तर तारखा आणि वकिलाच्या फीने तुम्ही गप्प बसावं म्हणून.

आणि कारण काय दाखवणार? अब्रूनुकसानी. आता हा शब्द बघा, काय सुंदर आहे! फारसी आब-रू, आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. सराफ्यात मोत्याचं पाणी बघतात ना, तसं चेहऱ्यावरचं पाणी. 'आब राखून वागणं' यातला आबही हाच. इथे हिंदीच्या नादाने सगळे 'मानहानीची केस' म्हणतात, वर भाषाशुद्धीवाले सांगतात मानहानी आपला, अब्रू परका. साफ चूक. मानहानी म्हणजे अपमान, तो बंद खोलीत दोघांतही होतो; अब्रू जाते ती चारचौघांत, आणि कायद्यालाही मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेलाच लागतो.

तर दावा लावणाऱ्याचा तो रू, आणि बोलणाऱ्याचं? मुस्कट! मुस्कटात मारतात आणि मुस्कट दाबतातही, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांतली कोटी आणि दाव्याचा हेतू दोन्ही एका शब्दात आले. म्हणून माझं ठाम मत, मुस्कटदाबीचा दावा म्हणा आणि मुस्कटदाबीविरोधी कायदा म्हणा.

कॅलिफोर्नियात असा कायदा १९९२मध्ये झाला. दावा हातात पडल्यापासून ६० दिवसांत तो रद्द करा असा अर्ज करायचा, मग दाव्यात दम आहे हे वादीने सुरुवातीलाच दाखवायचं, नाही जमलं तर दावा रद्द आणि तुमच्या वकिलाची फी त्याच्या डोक्यावर. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, २०२४मध्ये ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी ही कंपनी यांच्यातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या दाव्यांची दखल घेतली आणि लेखनावर सुनावणीआधीच सहजासहजी मनाई देऊ नका असं बजावलं, तेवढंच. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहेच, अब्रूनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद. तिथे मात्र खुशाल खटला म्हणा, तो फौजदारीच आहे.